विमानाच्या पंखाचे टोक
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदरगंज येथील सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानांत आमचे नाव घालताना चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'विमानाच्या पंखाचे टोक' असे सांगितले. त्यांनी दोन वेळा विचारून घेतले. ज्या सभागृहात आजवर कीर्तने झाली, आरोग्यावर डॉक्टरांची भाषणे झाली, तेथे हा विषय, आणि तोही मुलांच्या संगणकावरील खेळाच्या निमित्ताने निघालेला, हे त्यांस थोडे चमत्कारिक वाटले असावे. तरी त्यांनी नकार दिला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही आरंभ करतो.

आरंभ एका कबुलीने करणे भाग आहे. वरच्या मजल्यावरील वाचनालयात एका सभासदांनी दिलेला संगणक बसविण्याचा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला, त्या वेळी सर्वांत मोठ्या आवाजात विरोध आम्ही केला होता. "मुले तेथे विमाने उडवतील, पुस्तकाला कोणी हात लावणार नाही," हे आमचे शब्द इतिवृत्तात नोंदलेले आहेत. संगणक बसला आणि मुलांनी खरोखरच विमाने उडविण्यास सुरुवात केली. आमचे भाकीत खरे ठरले म्हणून आम्हांस काही दिवस समाधानही वाटले.

पुढे एका रविवारी आमचा नातू आणि शेजारच्या बिऱ्हाडातील त्याची मैत्रीण, जिला पुढे वैमानिक व्हावयाचे आहे, अशी दोघे आमच्याकडे आली. नातवाने आजीने वाढदिवसाला दिलेल्या पैशांतून त्या खेळासाठी एक विमान विकत घेतले होते. अशी विमाने वेगळी विकत मिळतात, हेही आम्हांस तेव्हाच कळले. विमान पूर्वीचेच, पण पंखांची टोके वर वळविलेली. या वळलेल्या टोकास विंगलेट म्हणतात. नातवाचा प्रश्न असा, "आजोबा, या टोकाने विमानाला काय होते?"

आम्ही जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. अशा माणसास प्रश्न विचारला की उत्तर आधी तोंडातून निघते आणि विचार मागून येतो. आम्ही म्हणालो, "टोकामुळे उचल वाढते. तुझे विमान आता लौकर जमीन सोडील." मुले वर गेली. अर्ध्या तासाने ती मुलगी एकटीच खाली आली आणि अतिशय अदबीने म्हणाली, "आजोबा, आम्ही चार वेळा पाहिले. दोन्ही विमाने एकाच वेगाला उठतात."

त्या दिवशी आमचे जेवणात लक्ष नव्हते. आज येथे जे सांगावयाचे आहे ते त्यानंतर आम्ही पुन्हा पुस्तके काढून वाचले ते, आणि मुलांकडून शिकलो ते.

आपणांपैकी पुष्कळांची मुले पुण्यास, मुंबईस, बंगलोरास आहेत आणि आपण त्यांच्याकडे विमानाने जाता. पंखाच्या मागच्या बाजूस खिडकीशी बसलात तर पंखाचे टोक वर उचललेले दिसेल. एअरबस ए-३२० जातीच्या नव्या विमानांवर ते जवळजवळ अडीच मीटर उंच असते, म्हणजे या सभागृहाच्या दारापेक्षाही उंच. इतकी मोठी वस्तू तेथे कशासाठी?

पंख विमानास कसा उचलून धरतो ते थोडक्यात सांगतो. पंखाखालील हवेचा दाब अधिक आणि वरील हवेचा कमी, या फरकावर विमान तोलले जाते. ही झाली उचल. पुढे जाण्यास हवा जो अडथळा करते ती ओढ. आता खालची अधिक दाबाची हवा सदैव वर जाण्याची वाट शोधीत असते. पंखाच्या मध्यभागी तिला वाट नाही, टोकाशी आहे. तेथून ती वळसा घेऊन वर जाते, विमान पुढे निघून जाते आणि मागे हवेचा पीळ पडलेला भोवरा राहतो. आम्ही मुलांना हे सांगत होतो तेव्हा आमच्या घरातून पाण्याने भरलेली परात आणण्यात आली आणि "काठ नसता तर हे पाणी कोठे गेले असते?" एवढाच प्रश्न मुलांना विचारण्यात आला. आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा त्या परातीने अधिक काम केले हे मान्य करावे लागेल.

हा भोवरा काही फुकट तयार होत नाही. हवेला गरगर फिरविण्यास जी शक्ती लागते ती इंजिनाच्या इंधनातून जाते. शिवाय हवा पंखामागे खाली ढकलली जाते, त्यामुळे उचलीची दिशा किंचित मागे कलते, आणि तो मागचा कल म्हणजेच ओढ. ही उचलीबरोबर येणारी ओढ आहे. विमान हवेत तरंगते म्हणून द्यावा लागणारा तो कर आहे, आणि उचल हवी असेल तोवर तो पूर्णपणे कधीच चुकत नाही. 'विंगलेट भोवरा नाहीसा करतो' असे मुलांच्या खेळाच्या माहितीत पुष्कळदा लिहिलेले असते, ते म्हणून बरोबर नाही. भोवरा राहतोच. तो सौम्य होतो, एवढेच.

या ओढीचा पक्का हिशेब पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेन येथे प्राध्यापक लुडविग प्रांट्ल यांनी बसविला. येथे आपल्या मराठी मंडळींस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूरकडील हसूर गावी १९०८ मध्ये जन्मलेले विष्णु माधव घाटगे हे गॉटिंगेनला जाऊन याच प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आखले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले, आणि पुढे आपल्या हवाई दलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्याच्यावर पहिले धडे शिकल्या. पंखाचा हिशेब ज्याने मांडला त्याच्या पायाशी बसून शिकलेला मनुष्य आपल्या कोल्हापूरकडचा होता, हे आमच्या नातवाला ठाऊक नव्हते. खरे म्हणजे त्याच्या वडिलांनाही ठाऊक नव्हते.

प्रांट्ल यांच्या हिशेबाचे सार असे की, तेवढेच वजन, तोच वेग आणि तीच उंची असेल तर ही ओढ पंखांच्या एकूण लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट केली तर ओढ चौथाई. म्हणूनच इंजिनावाचून तरंगणाऱ्या ग्लायडरचे पंख लांबच लांब आणि अरुंद असतात. लहान शहरांतून उडणाऱ्या, पंखे लावलेल्या एटीआर-७२ विमानाचेही पाहा. त्याचे पंख सत्तावीस मीटर लांब, आणि रुंदीच्या मानाने लांबी सुमारे बारा पट. त्याच्या टोकाला विंगलेट नाही आणि तरी त्याचे काही अडत नाही.

मग सर्वच विमानांचे पंख लांब का करीत नाहीत? लांब पंख मुळाशी मोडू नये म्हणून जड करावा लागतो. दुसरे कारण अगदी व्यवहारी आहे आणि आम्हांस ते फार आवडले. विमानतळावर विमान उभे करावयाच्या जागा ठरीव मापाच्या असतात. ए-३२० आणि तिच्या बरोबरीच्या विमानांसाठी ही मर्यादा छत्तीस मीटरांची आहे. आपल्या दालबाजारात हातगाडी वळविताना जी अडचण, तीच येथे. ए-३२० चे पंख पूर्वी ३४.१ मीटर होते, आणि २०१२ पासून मोठी विंगलेट लावल्यावर ३५.८ झाले. छत्तीसला जेमतेम वीस सेंटिमीटर कमी! बाहेर जागा उरली नाही म्हणून पंख वर वळला, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. बोइंगने आपल्या नव्या ७७७-एक्स विमानाला तर दारासारखी घडी पडणारी टोके दिली आहेत. आकाशात सुमारे बाहत्तर मीटर आणि जमिनीवर पासष्टच्या आत.

आता मुलांबरोबर कागदावर केलेला हिशेब सांगतो. ज्यांना आकडे नको असतील त्यांनी दोन मिनिटे पानसुपारीकडे लक्ष द्यावे. ३५.८ ला ३४.१ ने भागून वर्ग केला तर १.१० येतो. म्हणजे उचलीबरोबर येणारी ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. परंतु ही ओढ म्हणजे सगळी ओढ नव्हे. उंचावरून संथपणे जाणाऱ्या प्रवासी विमानात तिचा वाटा सुमारे चाळीस टक्के, बाकीची मुख्यतः घर्षणाची. नऊचे चाळीस टक्के म्हणजे साडेतीन-पावणेचार. कंपनी स्वतः लांबच्या प्रवासात चार टक्क्यांपर्यंत इंधन वाचते असे सांगते. मुलांना हे जुळलेले पाहून फार आनंद झाला. आम्ही त्यांस बजावले की यात थोडा योगायोगही आहे. उभ्या टोकाचा स्वतःचा फायदा, त्याचे वजन आणि त्याच्यावर घासणारी हवा, हे सारे आपण सोडून दिलेले आहे, आणि पूर्वीच्या पंखालाही टोकाशी एक लहानशी उभी पट्टी होतीच. तरी पण शाळेतल्या गणिताने खऱ्या उत्तराच्या इतक्या जवळ जाता येते, हे काही थोडे नाही.

चार टक्के म्हणजे किती? असे विमान ताशी साधारण अडीच टन इंधन जाळते. त्याचे चार टक्के म्हणजे शंभर किलो. स्वयंपाकघरातील गॅसच्या सात टाक्या, दर तासाला. एका प्रवासाला ही बचत डोळ्यांत भरत नाही, वर्षभर रोज उडणाऱ्या विमानाला ती लाखांत जाते.

टोकाला काठ लावावा ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडातील लँचेस्टर यांनी १८९७ मध्येच पंखाच्या टोकास उभ्या पाट्या लावण्याचे पेटंट घेतले होते. परंतु ती नुसती परातीची कड झाली. भोवऱ्यात जेवढे वाचले तेवढे पाटीच्या घर्षणात गेले. खरा उलगडा अमेरिकेतील रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी केला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि इंधन वाचविण्याची निकड सर्वांस पटली. नासा संस्थेत काम करणाऱ्या व्हिटकॉम्ब यांनी १९७६ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की ही उभी पाटी म्हणजे स्वतंत्र लहानसा पंखच आहे असे समजून तिला नीट आकार द्या. टोकाशी हवा तिरपी येते. शिडाचे जहाज तिरप्या वाऱ्यावर चालते हे कोकणातून आलेल्या कुटुंबांस सांगावयास नको. तसेच हे उभे पान त्या तिरप्या हवेतून थोडासा पुढचा रेटा मिळविते. १९७९ पासून केसी-१३५ या मोठ्या विमानावर त्याचे उड्डाण-प्रयोग झाले आणि सहा-सात टक्क्यांपर्यंत फायदा दिसला. पुढे १९८८ साली उडालेल्या बोइंग ७४७-४०० वर ती टोके सर्व जगाने पाहिली.

आणि तरीही ज्यांनी ही युक्ती सर्वांआधी वापरली ते आमच्या गच्चीवरून रोज दिसतात. किल्ल्याच्या कड्यावर दुपारी घारी घिरट्या घालतात. पंख न हलवता तरंगणाऱ्या घारीच्या पंखाचे टोक नीट पाहा. पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी होऊन वर वळलेली दिसतील. अमेरिकेत एका संशोधकाने ससाण्यास वाऱ्याच्या बोगद्यात तरंगविले, आणि टोकाच्या पिसांमधील फटी नाहीशा होतील अशी ती पिसे कातरून पुन्हा तरंगविले. तेव्हा त्याची ओढ वाढलेली आढळली. हे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पिसे पुढे पुन्हा येतात, म्हणून मुलांनी ससाण्याची चिंता करू नये.

येथे कोणी विचारील, की मग आपल्या महाराजपुऱ्याच्या मिराजला ही टोके का नाहीत? १९८५ पासून ही विमाने ग्वाल्हेरच्या आकाशात आहेत. लष्करात जन्मलेल्या मुलाला आईच्या अंगाईबरोबर त्यांचा आवाज ऐकावयास मिळतो, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या वेळी याच तळाचे नाव सर्व देशाने ऐकले. मिराज-२००० चा पंख त्रिकोणी, जेमतेम नऊ मीटर लांब आणि मुळाशी फार रुंद. ए-३२० मध्ये लांबीचे रुंदीशी प्रमाण साडेनऊ, मिराजमध्ये केवळ दोन. नुसत्या प्रांट्ल यांच्या हिशेबाने पाहिले तर हा पंख उधळपट्टीचा. पण मिराजला आवाजाच्या दुप्पट वेगाने जावयाचे असते. त्या वेगाला हवेत धक्क्याच्या लाटा उठतात, त्यांची ओढ फार मोठी, आणि तिच्यासाठी पातळ, मागे ओढलेला पंखच हवा. दुसरी मौज अशी, की हे विमान नाक उंच करून हळू येते तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेवरून निघणारे दोन भोवरे पंखाच्या पाठीवरच बसतात आणि त्यास उचलून धरतात. एका विमानाचा जो शत्रू तोच दुसऱ्याचा आधार. आमच्या मैत्रिणीला, म्हणजे त्या शेजारच्या मुलीला, ही गोष्ट इतकी आवडली की तिने लगेच वर जाऊन खेळातले प्रवासी विमान नाक वर करून उतरविण्याचा प्रयत्न केला. परिणाम सांगत नाही.

आता खेळाकडे येतो, कारण आमची फजिती तेथेच झाली होती.

आम्ही मुलांना दिलेले उत्तर चुकीचे होते. कोणत्या वेगाला विमान जमीन सोडील हे प्रामुख्याने वजन, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंख किती उचल देऊ शकतो यांवर ठरते. विंगलेटने त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. तिचा उपयोग जमीन सोडल्यानंतर दिसतो. वेग कमी असताना उचलीबरोबरची ओढ सर्वांत अधिक असते, म्हणून वर चढताना, विशेषतः एक इंजिन बंद पडले असता चढावयाचे असेल तेव्हा, ती फार कामी येते. नंतर उंचावरच्या लांब प्रवासात ती थोडे थोडे इंधन वाचवीत राहते. तेव्हा मुलांनी पाहावयाचे ते धावपट्टीवर नव्हे, आकाशात. आम्ही तसे सांगितले. पुढच्या रविवारी दोघांनी विमान पस्तीस हजार फुटांवर नेले, वारा बंद केला, वजन आणि वेग दोन्ही वेळा सारखे ठेवले, आणि इंधनाचा आकडा वहीत उतरविला. विंगलेट असलेले आणि नसलेले, दोन्ही विमानांचा आकडा तोच. शेवटच्या अंकापर्यंत तोच.

या वेळी आमचे पदार्थविज्ञान चुकलेले नव्हते. मग काय झाले? उलगडा त्या मुलीने केला. अशा खेळात विमानाचे चित्र एका ठिकाणी असते आणि ते कसे उडावे याचा हिशेब दुसऱ्या ठिकाणी. नातवाने विकत घेतले ते नवे चित्र होते. हिशेब जुन्या विमानाचाच होता. पडद्यावर टोक सुंदर वळलेले दिसत होते, त्यावर ऊनही चमकत होते, परंतु हवेला त्याची वार्ता नव्हती. विकणाऱ्याने जाहिरातीत 'कमी इंधन' असे लिहिले होते. नातू रडवेला झाला. आजीचे पैसे गेले म्हणून नव्हे, इतके दिवस आपले विमान हलके चालते असे त्यास खरोखर वाटत होते म्हणून.

ही हकीकत कार्यकारिणीच्या कानी गेली आणि संगणक बंद करावा असा सूर पुन्हा निघाला. "मुले फसविली जात आहेत," असे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी म्हटले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्या पोरांनी चार वेळा उड्डाण करून आणि वहीत आकडे मांडून फसवणूक पकडली, त्यांच्याकडून ते यंत्र काढून घेणे आम्हांस बरे वाटेना. शिक्षक म्हणून इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर घडत होते. आमचा पूर्वीचा विरोध आम्ही मागे घेत आहोत, अशी नोंद त्या बैठकीत करून घेतली. तूर्त सहा महिने संगणक राहील असे ठरले आहे.

त्यानंतर मुलांनी तो हिशेबच उघडला. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या उड्डाणाच्या खेळात प्रत्येक विमानाची एक यादी असते, साध्या अक्षरांत लिहिलेली. तीत पंखांची लांबी, क्षेत्रफळ आणि पंखाचा ओस्वाल्ड गुणांक असे आकडे असतात. हा गुणांक म्हणजे पंख आदर्श पंखाच्या किती जवळ आहे याचे माप. एक म्हणजे आदर्श, खरे पंख त्याच्या खाली. विंगलेट आहे की नाही हे सांगण्यासाठी वेगळी ओळही आहे, शून्य किंवा एक. मुलांनी ओस्वाल्डचा आकडा वाढविला आणि पुन्हा उड्डाण केले. इंधनाचा आकडा उतरला. मग त्यांनी वेग कमी करून पाहिले, तेव्हा फरक अधिक पडला. प्रांट्ल यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले तसेच. आम्ही हे ऐकले तेव्हा हातातील चहाचा पेला खाली ठेवला.

सगळे खेळ मात्र एकाच रीतीने चालत नाहीत. ऑस्टिन मायर या अमेरिकन गृहस्थांनी तयार केलेल्या एक्स-प्लेन या खेळात पंखाचे बारीक बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावर हवा काय करील हे क्षणोक्षणी काढून त्यांची बेरीज घेतात. ही मूळ प्रोपेलरसाठी निघालेली युक्ती. तेथे पंखाची लांबी बदलली की उड्डाण आपोआप बदलते. फ्लाइटगिअर नावाचा एक खेळ कोणासही फुकट घेता येतो आणि त्याचा सर्व हिशेब उघडून वाचता येतो. वाचनालयासाठी आम्ही तोच सुचविला आहे, आणि यात काटकसरीचा भाग आहे हे खजिनदारांनी लक्षात घ्यावे.

तुकड्यांची रीत खरी आणि कोष्टकाची खोटी, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. विमान कंपन्या आपल्या वैमानिकांना ज्या यंत्रात शिकवितात, त्यातील हिशेब खऱ्या विमानाच्या उड्डाण-चाचण्यांत मोजलेल्या आकड्यांवर बसविलेला असतो. कोष्टक कोणी आणि कशावरून भरले यावर सारे अवलंबून आहे. दुकानातील वहीचेही तेच नाही का? वही सर्वांकडे असते. मुलीला हे सांगितल्यापासून ती कोणत्याही नव्या विमानाबद्दल पहिला प्रश्न तोच विचारते, "हे आकडे आले कोठून?" मध्यंतरी तिने आमच्या ट्रस्टच्या छापील जमाखर्चाबद्दलही हाच प्रश्न विचारला. उत्तर देण्यास चिटणीसांना दोन दिवस लागले, पण उत्तर मिळाले आणि बरोबर मिळाले.

नातवाचे पैसे काही परत आले नाहीत. त्याने विकणाऱ्यास पत्र लिहिले आहे. भाषा आम्ही तपासून दिली, आकडे त्याचे स्वतःचे आहेत. तिकडून अद्याप उत्तर नाही. दरम्यान त्या चित्राला साजेसा हिशेब दोघे मिळून स्वतः बसवीत आहेत. पंखाची लांबी ३५.८ घातली आहे. गुणांक किती घ्यावा यावर त्यांचे एकमत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही त्यांच्याशी नाही. मुलगी म्हणते, चार टक्क्यांची बचत बाहेर येईल असा आकडा मागून बसवू. नातू म्हणतो, ही लबाडी आहे, आधी आकडा काढू आणि मग बचत किती येते ते पाहू. दोन्ही बाजूंना शास्त्रात आधार आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता दोन्ही रीतींनी उड्डाण होणार आहे. ज्या सभासदांस कुतूहल असेल त्यांनी वर यावे. बैठकीस फक्त चार खुर्च्या आहेत, आणि जिना अरुंद आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांनी जपून यावे.